वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी गोधडी: रोज २० मिनिटांत हाताने काहीतरी सुंदर कसं करायचं

काहीतरी हाताने करावं, सुंदर करावं, असं आतून वाटत राहतं आणि वर्षानुवर्षं ते तसंच राहून जातं. असे लोक माझ्या ओळखीत खूप आहेत. ऑफिसवाले आहेत, घर सांभाळणाऱ्या आहेत, दोन्ही करणाऱ्या तर सगळ्यात जास्त. कुणाला चित्रं काढायचीयत, कुणाला विणायचंय, कुणाला नक्की काय करायचंय तेच माहीत नाही, फक्त दिवसभर स्क्रीनकडे बघून झालं की हात शिवशिवतात. आणि सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं, वेळ कुठाय. मुलं जरा मोठी होऊ देत, एवढं अप्रेझल पार पडू दे, घराचे हप्ते फिटू देत, मग निवांत. तो निवांतपणाचा मुहूर्त काही लागत नाही.

माझं यावर ठाम मत आहे. निवांत वेळ मिळाल्यावर करायची गोष्ट निवडूच नका, तुटक वेळात होणारी गोष्ट निवडा. आणि अशी एक गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, तिचं नाव गोधडी. कुठे वाकळ म्हणतात, कर्नाटकच्या सीमेकडे कौदी म्हणतात. ज्या बायकांनी ती शिवली त्यांच्याकडे वेळ होता असं कुणाला वाटत असेल तर त्यांचा दिवस डोळ्यासमोर आणा, पहाटे दळण, मग पाणी, भाकरी, गुरं, शेतातलं काम, पोरांचं आजारपण. सुगी आटोपल्यावर उन्हाळ्याच्या दुपारी जेवढी सवड मिळायची तेवढ्यात गोधडी पुढे सरकायची, मध्येच कुणी हाक मारली की उठायचं. त्यामुळे गोधडीची रीतच अशी घडलीय की कुठल्याही टाक्याला थांबता येतं, आठ दिवसांनी परत बसलात तरी सुई जिथे खोचलीय तिथून पुढे, काही आठवावं लागत नाही, काही मोजलेलं विसरत नाही, काही उसवत नाही.

याच बायकांनी जात्यावर ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. लाखभर ओव्या, आणि त्या सगळ्या दळता दळता! त्यामुळे 'वेळ नाही म्हणून सुंदर काही करता येत नाही' हे मला पटतच नाही. सुंदर गोष्टी कामाच्या पोटातूनच निघाल्यात, आपण फक्त आपल्या कामाच्या दिवसाला बसेल अशी गोष्ट शोधायची.

तर आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते. पहिलीच गोधडी असेल तर बाळाची करा, साधारण ९० बाय ७५ सेंटीमीटर. घरात बाळ नसेल तरी चालेल, मांडीवर घ्यायला, सोफ्यावर टाकायला, प्रवासात पांघरायला या मापाची गोधडी कामाला येते. डबलबेडची करायच्या फंदात पहिल्यांदा पडू नका.

कापड कुठलं

जुनं. आणि सुती. यात तडजोड नको. वर्षानुवर्षं धुतलेल्या साडीतली खळ पार निघून गेलेली असते, सूत मऊ पडलेलं असतं, त्यामुळे चार-पाच थरांतून सुई अलगद जाते. नवीन कापडाचे पाच थर घेऊन बघा, दहा मिनिटांत बोटं दुखायला लागतात. आईची, आजीची, सासूबाईंची सुती साडी, धोतर, लुंगी, मऊ झालेले सुती कुर्ते, मुलांचे कॉटनचे फ्रॉक, जुनी बेडशीट, हे सगळं चालतं. नायलॉन, जॉर्जेट, पॉलिस्टर नको, ते सुईखालून निसटतं आणि पांघरल्यावर घाम येतो. जीन्स वगैरे जाड कापड नको. टी-शर्टचं कापड ताणलं जातं म्हणून पहिल्या गोधडीत तेही नको. जरीचे काठ टोचतात, बाळाच्या गोधडीत तर अजिबात घेऊ नका, मोठ्यांच्या गोधडीत शोभेला एखादा तुकडा वर लावता येतो पण आत भरू नका.

म्हणजे बोहारीण दारात यायच्या आधी एकदा कपाट उघडायचं. परदेशात असाल तर पुढच्या वेळी इकडे याल तेव्हा बॅगेत मसाल्यांच्या शेजारी आजीची एक साडी घडी करून न्या, जागा फार लागत नाही आणि एका साडीत पुष्कळ होतं. हिशोब बघा, साधी सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ११०-११५ सेंटीमीटर पन्ह्याची असते. त्यातून ८१ सेंटीमीटरचे सहा तुकडे निघतात. एक खालचं अस्तर, दोन किंवा तीन आतलं भरण, आणि उरलेल्यात वरच्या ठिगळांची सुरुवात. नऊवारी असेल तर मग विचारूच नका.

सगळं कापड आधी धुवून वाळवून घ्या. रंग जातो का ते बघायला प्रत्येक गडद तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून धरा, डाग पडला तर तो तुकडा बाजूला. लाल आणि मरून रंगाच्या खणांना हे विशेष करून बघाच. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, त्यावर विसंबून राहू नका, पुन्हा रुमाल दाबून खात्री करा. पुढे पहिल्या धुण्यात अख्खी गोधडी गुलाबी होण्यापेक्षा आत्ता एक तुकडा गेलेला बरा.

अजून एक. जुन्या कापडाची लाज वाटू देऊ नका. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्यांची गोधडी असायची म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणायचे. विरलेल्या कापडातून उभी केलेली ही वस्तू आहे, त्यातच तिची शान आहे. बाजारात पॅचवर्कचं नवं कापड कापून केलेल्या रजया मिळतात, छान दिसतात, पण आजीने वर्षानुवर्षं नेसलेल्या, धुतलेल्या साडीचा मऊपणा त्यात येत नाही.

एक रविवार तयारीसाठी

रोजचे २० मिनिट शिवण्यात जायला हवेत, शोधाशोधीत नाही. म्हणून पसारा एकदाच मांडायचा आणि एकदाच आवरायचा. एका रविवारी सकाळी दोन-तीन तास काढा, घरच्यांना सांगून ठेवा, आणि एवढ्या गोष्टी उरका.

अस्तर कापायचं ९६ बाय ८१. म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा चारही बाजूंनी ३ सेंटीमीटर जास्त. भरणाचे थर कापायचे बरोब्बर ९० बाय ७५. पुण्या-मुंबईच्या हवेला दोन थर पुरतात, थंडी जास्त असेल तर तीन, त्याहून जास्त घेतले तर हाताने शिवणं जड जातं. मग फरशी पुसून कोरडी करा, अस्तर उलटं अंथरा, म्हणजे चांगली बाजू खाली. त्यावर मधोमध भरणाचे थर एकेक करून पसरा आणि प्रत्येक थर हाताने मधून कडेकडे सरकवत सुरकुती काढा. चार कोपऱ्यांवर काहीतरी वजन ठेवा, पूर्वी दगड-विटा ठेवायचे, जाड पुस्तकं किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्याही चालतात. आता अस्तराची सुटलेली कड भरणावर दुमडून घ्या, चारही बाजूंनी, आणि टाचण्या लावा.

मग कच्चा टाका. हा टाळू नका. तळहाताएवढ्या अंतरावर लांब लांब टाके उभे-आडवे घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे, गोधडी पूर्ण झाली की हे टाके ओढून काढून टाकायचे असतात म्हणून दोरा वेगळ्याच रंगाचा घ्या. कच्चा टाका नीट घातलेला असेल तर गोधडी गुंडाळून पिशवीत टाका, मांडीवर घ्या, गाडीत न्या, आतले थर गोळा होत नाहीत. म्हणजे रोज फरशीवर अंथरायची गरजच उरली नाही. बिझी माणसाच्या दृष्टीने अख्ख्या कामातली ही सगळ्यात मोलाची पायरी आहे.

वरच्या ठिगळांचं डिझाइन आधी ठरवायचं का? माझ्या मते नाही. आधी सगळे तुकडे कापून, जोडून, वरचा पूर्ण थर तयार करून मग शिवायचा अशीही पद्धत आहे, पण त्यात मशीन, इस्त्री, मापं, जुळवाजुळव, आणि काम मध्येच सोडलं तर परत सुरू करायला तास जातो. दुसरी पद्धत म्हणजे कडेपासून एकेक तुकडा थेट थरांवर ठेवायचा आणि शिवत शिवत आत मध्यापर्यंत जायचं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातला सिद्दी समाज, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच शिवतात, कडेपासून आत, आणि कोपऱ्यांना छोटी दुमडलेली त्रिकोणी फुलं लावतात. त्या रंगांना तोड नाही. आपल्यालाही हीच पद्धत सोयीची, कारण एका वेळी फक्त पुढचा एक तुकडा ठरवायचा असतो. दिवसभर निर्णय घेऊन डोकं थकलेलं असतं, रात्री साडेनऊला एका तुकड्याचा रंग ठरवणं जमतं, अख्ख्या नक्षीचा विचार जमत नाही.

तरी रंगांचं एक सूत्र सांगून ठेवते. गडदाशेजारी फिकं, आणि कुठलातरी एकच रंग सात-आठ ठिकाणी पुन्हा पुन्हा येऊ द्या, लाल म्हणा, हळदी म्हणा, हिरवा म्हणा. तो एक रंग बाकीच्या विजोड तुकड्यांना बांधून ठेवतो. शंका आली की मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, कुठे सगळंच गडद झालंय ते लगेच कळतं.

टाका

आता मुख्य काम. टाका एकच, धावदोरा. खाली-वर, खाली-वर. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, जपानी साशिको, सगळ्यांचा पाया हाच टाका, त्यामुळे 'मला भरतकाम येत नाही' हे कारण इथे चालत नाही, शाळेत कार्यानुभवाच्या तासाला रुमाल शिवला असेल तेवढं पुरतं.

सुई जरा लांब आणि नेढं मोठं असलेली घ्या, पण दाभणाएवढी जाड नको, जाड सुईने जुन्या कापडाला भोकं पडतात. दोरा जाड आणि सुती. साधा रिळाचा दोरा बारीक पडतो, धुण्यात तुटतो. भरतकामाच्या लडीतले सहापैकी तीन पदर घेऊन शिवलं तरी छान उठून दिसतं, किंवा क्रोशाचा बारीक सुती गुंडा आणा. दोऱ्याची लांबी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, फार तर थोडी जास्त. पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून लांबलचक दोरा घेतला की तो गुंततो आणि गाठी सोडवण्यात जास्त वेळ जातो. दोरा एकदा मेणबत्तीवरून ओढून घेतलात तर गुंतणं बरंच कमी होतं. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, सुरुवातीला अडगळ वाटते, पण चार दिवसांत सवय होते आणि बोटाला भोकं पडत नाहीत.

पहिला तुकडा कोपऱ्यावर. तुकड्याच्या बाहेरच्या दोन कडा सेंटीमीटरभर आत दुमडायच्या आणि गोधडीच्या कडेला बरोबर लावून ठेवायचा. शेजारचा तुकडा त्याच्यावर दीड सेंटीमीटर चढवायचा, चढणारी कड दुमडलेली, खालची कड तशीच उघडी, ती झाकली जाते. आतल्या बाजूची कड सध्या उघडीच राहू द्या. असे सुरुवातीला तीन-चार तुकडेच टाचून घ्या, पूर्ण बाजू लावायची घाई नको.

दोऱ्याला टोकाला गाठ मारा. सुई कडेपासून जरा आत, वरच्या तुकड्याखाली भरणात घाला आणि कडेजवळ वर काढा. आता दोरा हलकेच ओढा, गाठ भरणाला अडकून आत लपते, वरून काही दिसत नाही. मग कडेपासून अर्धा सेंटीमीटरवर पहिला टाका. सुई सरळ खाली, डाव्या हाताचं बोट गोधडीखाली ठेवलेलं असतं, टोक त्याला जरासं लागलं की समजायचं सगळे थर पार झाले, तिथूनच वर. एका वेळी सुईवर तीन-चार टाके घ्यायचे आणि मग दोरा ओढायचा. ओढताना कापड किंचित गोळा होतं, होऊ द्या, फक्त चुण्या पडतील इतकं खेचू नका. दाट कापडातून दोरा सरकताना एक बारीक खस्सकन आवाज येतो, चार-पाच दिवसांत त्या आवाजाचीही गोडी लागते. टाका वरून दिसायला तांदळाच्या दाण्याएवढा असावा. सुरुवातीला लहान-मोठे होतील, हात बसला की आपोआप सारखे होतात, पहिले टाके उसवून परत घालायची काही गरज नाही.

कोपऱ्यावर आलात की शेवटचा टाका अगदी टोकाशी घ्या, गोधडी फिरवा, पुढच्या बाजूला लागा. दोरा संपत आला की शेवटच्या टाक्यावर दोन बारीक उलटे टाके, मग सुई थरांच्या मधून बोटभर पुढे नेऊन वर काढायची आणि दोरा कापडालगत कापायचा. शेपूट आत राहतं. बस, एवढंच कौशल्य आहे, बाकी सगळा त्याचाच गुणाकार.

पहिली फेरी पूर्ण झाली की दुसरी फेरी दीड सेंटीमीटर आत, पहिलीला समांतर. खडूने रेघ मारायची असेल तर मारा, पण मला स्वतःला बोटाच्या अंदाजाने घातलेल्या ओळीच आवडतात, त्या जरा हलतात आणि म्हणूनच हाताने केलेल्या वाटतात. अशा फेऱ्या घेत घेत तुकड्यांच्या उघड्या कडेपाशी पोचलात की आतल्या बाजूने पुढचे तुकडे, चढणारी कड दुमडून, खालची उघडी कड झाकत. शेवटी मध्यभागी एक चौकोन उरतो, त्या तुकड्याच्या चारही कडा दुमडायच्या. घरातल्यांपैकी कुणाचा सगळ्यात आवडता कपडा असेल तो त्या जागेसाठी राखून ठेवा.

रोजचे २० मिनिट कुठून आणायचे

थोडं गणित करूया, त्याने धीर येतो. ९० बाय ७५ च्या गोधडीत दीड सेंटीमीटरवर ओळी म्हणजे एकूण साधारण ४५ मीटर शिवण. नवीन हाताला २० मिनिटांत मीटर-सव्वा मीटर होतं. म्हणजे रोज बसलात तर सव्वा ते दीड महिना, आठवड्यात चारच दिवस जमलं तर अडीच महिने धरा. मोठी, २२५ बाय १५० ची, ओळी दोन सेंटीमीटरवर घेतल्या तरी १७० मीटरच्या आसपास जाते, रोज बसून पाच-सहा महिने. हे आकडे आधीच माहीत असले की 'अजून कशी होत नाही' असं वाटत नाही.

पहिल्या आठवड्यात मात्र काम सरकतच नाही असं वाटेल. कारण पहिली फेरी ३ मीटर ३० सेंटीमीटरची असते, तिलाच तीन दिवस जातात आणि बघायला गेलं तर एक ओळ दिसते. नेमकं इथेच बहुतेकांच्या गोधड्या कपाटात जातात. पण पुढची प्रत्येक फेरी १२ सेंटीमीटरने लहान होत जाते, अकरावी फेरी २ मीटर १० वर येते, शेवटच्या तर एका बैठकीत दोन-तीन होतात. म्हणजे काम जसजसं पुढे जाईल तसतसा वेग दिसायला लागतो. पहिले दहा दिवस कसेही करून काढा, एवढंच माझं आग्रहाने सांगणं आहे.

आता वेळ. ठरावीक वेळेला चिकटवण्यापेक्षा एखाद्या रोजच्या गोष्टीला चिकटवा. रात्री भांडी आवरली की. मुलाला क्लासला सोडून गाडीत वाट बघताना. वर्क फ्रॉम होम असेल तर ज्या मीटिंगमध्ये फक्त ऐकायचं असतं ती. सासऱ्यांच्या बातम्या लागतात तेव्हा. धावदोऱ्याकडे नजर ठेवावी लागते पण डोकं फार लागत नाही, त्यामुळे कान आणि तोंड मोकळं राहतं, घरच्यांशी गप्पा मारत हे होतं, आणि माझ्या मते हीच याची सगळ्यात चांगली बाजू, कारण आपलं काहीतरी करायचं म्हणजे घरापासून वेगळं खोलीत जाऊन बसायचं असं नाही. लोकलने जात असाल तर अख्खी गोधडी नेऊ नका, पण तुकड्यांच्या कडा दुमडून कच्च्या टाक्याने पक्क्या करून ठेवणं सीट मिळाल्यावर सहज होतं.

गोधडी दिसेल अशा जागी ठेवा. सोफ्याच्या हातावर, खुर्चीवर, पलंगाच्या पायथ्याशी. कपाटात गेली की विसरली. शेजारी एक डबा, त्यात कात्री, दोरा, मेणबत्तीचा तुकडा आणि पिनकुशनवर पाच-सहा सुया आधीच ओवून ठेवलेल्या. सुया ओवायचं काम रविवारी उजेडात करायचं, किंवा मुलांना सांगायचं, त्यांना आवडतं आणि त्यांचे डोळेही तेज असतात. रात्री थकून बसल्यावर सुई ओवता ओवता पाच मिनिटं जातात आणि मग वैताग येतो, ते यामुळे वाचतं. आणि उठताना कधीही ओळ संपवून, दोरा कापून उठू नका, सुईवर दोन टाके घेतलेले असू देत आणि तशीच खोचून ठेवा. दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच येत नाही. घरात रांगणारं बाळ असेल तर अर्थात सुई डब्यात आणि डबा उंचावर, आणि रोज सुया मोजायच्या.

मान आणि कंबर सांभाळा. मांडीवर उशी घेऊन त्यावर गोधडी ठेवली की वाकावं लागत नाही. उजेड डाव्या खांद्यावरून यावा, डावरे असाल तर उजव्या. काळ्या कापडावर काळा दोरा रात्री अजिबात नको.

एखादा आठवडा जाईल, दिवाळी येईल, ऑडिट येईल, घरात कुणी आजारी पडेल, सुईला हात लागणार नाही. हरकत नाही, खंड पडला म्हणून काही बिघडत नाही, टाके आहेत तिथेच असतात. राहिलेले दिवस भरून काढायला एकदम दोन तास बसू नका, बोटं दुखतात आणि परत चार दिवस जातात. नेहमीच्या २० मिनिटांनीच सुरू करा.

आणि कुणी म्हणालं की एवढ्या कष्टापेक्षा ऑनलाइन पाचशे-हजारात ब्लँकेट मिळतं, तर मिळतं, खरंच मिळतं. ऊब हवी म्हणून आपण हे करतच नाही आहोत. दिवसभर आपण जे काम करतो त्यातलं बरंचसं संध्याकाळपर्यंत मेलमध्ये, फाईलमध्ये, जेवणाच्या ताटात संपून जातं. ही एक ओळ मात्र काल घातली तिथे आज दिसते, बोट फिरवलं तर हाताला लागते. माणसाला याची भूक असते, बाईला असते तशी पुरुषालाही असते, आणि शिवणं हे बायकांचं काम म्हणून लाजणाऱ्या पुरुषांनी गल्लीतल्या टेलरकाकांकडे बघावं. ही भूक म्हणजे चोचले नाहीत. तिच्यासाठी दिवसातली २० मिनिटं मागताना अपराधी वाटून घेऊ नका.

पहिली गोधडी विकायची, ऑर्डर घ्यायच्या, पेज काढायचं, असे सल्ले लोक लगेच देतात. घ्या पुढे, पण निदान पहिल्या दोन घरच्यांसाठीच शिवा. डेडलाइन लागली की हे पण ऑफिसच होतं.

पूर्ण झाल्यावर

कच्चे टाके मागच्या बाजूने ओढून काढा. टाचणी किंवा सुईचं टोक कुठे राहिलं नाही ना हे बघायला लोहचुंबक पूर्ण गोधडीवरून फिरवा, बाळासाठी असेल तर दोनदा. एका कोपऱ्यात, मागच्या बाजूला, कुणासाठी शिवली आणि साल एवढं धावदोऱ्यानेच लिहा. मग गार पाण्यात साध्या साबणाने धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि आडवी अंथरून सावलीत वाळवा, ओली असताना दोरीवर लटकवली तर वजनाने टाके ताणले जातात. वाळल्यावर ओळींच्या मधला भाग जरासा फुगतो आणि सगळ्या गोधडीवर बारीक लाटा उमटतात, शिवताना सपाट दिसत होती ती आता गोधडीसारखी दिसायला लागते. इस्त्री करू नका, त्या लाटा मोडतात.

पुढे वापरात एखादं ठिगळ विरलं तर ते उसवायचं नाही, त्याच्यावर दुसरं लावायचं, कडा दुमडून, त्याच धावदोऱ्याने. वर्षातून एकदा उन्हाळ्यात कडक ऊन दाखवा, पण तासाभराच्या वर नको, रंग उडतात. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवा, आणि उरलेल्या चिंध्या फेकू नका, गडद आणि फिकं असे दोन डब्यांत वेगळे भरून ठेवा म्हणजे पुढच्या गोधडीच्या वेळी तयारीचा रविवार निम्म्यात आटोपेल.